मोजून दिले, मोजून घेतले

(शास्त्रवाचन : एज्रा ८:२१-३४, निर्गम २२:७-१३)



पावसाळा सरला की आपल्या मंडळ्यांतील तरुण मोटारसायकली बाहेर काढतात. पूर्वी त्यांची धाव महाबळेश्वर किंवा पचमढीपर्यंत असे. आता ती सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळात, जयगावमार्गे भूतानात आणि कधी त्याहूनही पुढे गेली आहे. निघण्याच्या आदल्या रविवारी उपासना संपली म्हणजे ते पुढे येतात. गाड्या मंदिराच्या आवारात उभ्या असतात आणि पाळकाने प्रवासासाठी प्रार्थना करावी अशी त्यांची इच्छा असते. ही रीत चांगली आहे. अशाच एका प्रसंगी एका तरुणाने मला विचारले, ‘‘पाळकसाहेब, गाडी तुम्ही देवाच्या हाती सोपविलीत. आता ही दोन कुलपे आणि ही साखळी कशाला? भरवसा नसेल तर प्रार्थना तरी कशाला?’’

प्रश्नात थोडी थट्टा होती. मीही हसून वेळ मारून नेली. परंतु घरी आल्यावर प्रश्न मनातून जाईना, म्हणून एज्राचे पुस्तक उघडले. परक्या मुलुखातून मोलाचा ऐवज घेऊन निघालेल्या वाटसरूची हकिगत पवित्र शास्त्रात इतक्या तपशिलाने दुसरीकडे क्वचितच आली असेल.

एज्रा बाबेलहून यरुशलेमेस निघाला होता. अहवा नदीकाठी त्याचा तळ पडला. बरोबर स्त्रिया व मुलेबाळे होती, मंदिरासाठी दिलेले सोनेरुपे होते, आणि वाटेवर लुटारू दबा धरून बसत हे सर्वांना माहीत होते. राजाकडे शब्द टाकला असता तर घोडेस्वार मिळाले असते. पण एज्रा शब्द टाकीना, कारण त्याला लाज वाटली, असे तो स्वतःच लिहितो. देव आपल्या लोकांचा सांभाळ करतो असे त्याने राजापुढे मोठ्या तोंडाने सांगितले होते. आता त्याच तोंडाने शिपाई कसे मागावेत? एज्राची ही कबुली मला फार आवडते. आपल्यापैकी किती जणांचा विश्वास असा आपल्याच बोलण्याने अडचणीत येतो! मग त्याने उपवास नेमला, सर्वांनी प्रार्थना केली, आणि देवाने ती ऐकली.

येथे आपण सहसा वाचन थांबवितो. प्रार्थना ऐकली गेली, आता काफिला निघाला, असे धरून चालतो. काफिला मात्र अजून निघालेला नाही. एज्राने बारा प्रमुख याजक निवडले, शेरेब्या, हशब्या व त्यांचे दहा भाऊबंद यांनाही जबाबदारीत घेतले, आणि सर्व ऐवज तोलून त्यांच्या हवाली केला. चांदी ६५० किक्कार, चांदीची पात्रे १०० किक्कार, सोने १०० किक्कार, १००० दारिक किमतीचे २० सोन्याचे कटोरे, आणि सोन्याइतकी मोलाची चकचकीत पितळेची दोन पात्रे. एक किक्कार सुमारे ३० किलोचा धरला तर नुसती चांदीच वीस टनांच्या आसपास जाते. यरुशलेमेस पोहोचून पुन्हा तोलून देईपर्यंत हे जागरूकपणे सांभाळा, असे त्याने त्यांना बजावले. उपवास करणाऱ्या एज्राने शिपाई नाकारले, पण तराजू नाकारला नाही.

पुढे तेरा वर्षांनी नहेम्या त्याच दिशेने निघाला. त्याने राजापाशी नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना दाखविण्याची पत्रे मागितली, आणि त्याच्याबरोबर सेनानायक व घोडेस्वारही आले. त्याला त्यात काही संकोच वाटलेला दिसत नाही. एकाने पहारा घेतला नाही, दुसऱ्याने घेतला, आणि दोघेही देवाचा वरदहस्त आपल्यावर होता असेच म्हणतात. तेव्हा दोन कुलपे लावणारा अविश्वासी आणि न लावणारा विश्वासवीर, असा निवाडा करण्यास शास्त्राचा आधार नाही.

नहेम्याच्या त्या पत्रांवरून मला आजच्या प्रवासी कागदांची आठवण होते. भारतातील मोटारसायकल घेऊन नेपाळात जाणाऱ्याला नाक्यावर भन्सार भरावा लागतो. भन्सार म्हणजे जकात. तेथे दिवसांच्या हिशेबाने पैसे घेतात आणि वाहनाचा क्रमांक व परतण्याची मुदत घातलेला कागद देतात. इराणसारख्या देशांतून वाहन न्यावयाचे तर ‘कार्ने’ नावाची पुस्तिका लागते. मोटारचालकांची संघटना जामीन घेऊन ती देते. देशात शिरताना तीत एक शिक्का पडतो, बाहेर पडताना दुसरा. पहिला शिक्का आहे आणि दुसरा नाही, तर गाडी त्या देशातच राहिली असे समजून तिच्यावरील आयातशुल्क स्वाराकडे मागितले जाऊ शकते. गाडी चोरीस गेली असली तरी ही कटकट टळत नाही, कारण चोर काही जकात नाक्यावर थांबून शिक्का मारून घेत नाही. निदान पोलिसांकडे फिर्याद नोंदविल्याचा कागद तरी पुढे ठेवावा लागतो. गाडी गेली ती गेलीच, वर तिचा हिशेबही देणे उरले.

हे अन्यायाचे वाटते. पण याकोबाने लाबानाला काय सुनावले ते उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायात पाहा. वीस वर्षे त्याने सासऱ्याची मेंढरे राखली. श्वापदांनी फाडलेल्याची भरपाई त्याने आपल्या पदरची दिली, आणि दिवसा चोरीस गेलेले असो की रात्री, लाबानाने ते त्याच्याकडून वसूल केले. पुढे निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात याविषयी नियम घालून दिलेला आढळतो. शेजाऱ्याने राखण्यास दिलेले जनावर राखणदारापासून चोरीस गेले तर त्याने भरून द्यावे. श्वापदाने फाडले असेल तर उरलेले अवशेष आणून पुरावा दाखवावा, मग भरपाई नाही. आपल्याकडील पंचनाम्याशी याचे किती साम्य आहे! ‘मला माहीत नाही, कोणीतरी नेले’ एवढ्यावर राखणदाराची सुटका होत नाही, आणि पुरावा असूनही त्याला पिळावे अशीही मुभा मालकाला नाही.

याच अध्यायातील सातव्या व आठव्या वचनांत एक वेगळी गोष्ट आहे. ती मी पुष्कळ वर्षे वाचीत होतो, पण समजलो नव्हतो. ती समजण्यास मला नेपाळात जावे लागले. प्रसंग सांगण्यात मला भूषण नाही, तरी सांगतो.

१९९४ च्या नोव्हेंबरात आम्ही तिघे जण दोन मोटारसायकलींवरून गोरखपूर, सोनौली, बुटवल असे निघालो होतो. तानसेनला १९५४ पासून मिशनचे रुग्णालय आहे. तेथील एका परिचितास भेटावयाचे होते. बुटवल सोडले की तिनाऊ नदीच्या काठाने घाट चढू लागतो. मागचे चाक दोनदा पंक्चर झाले आणि वाटेतच अंधार पडला. रस्त्याकाठी एक लहानसे लॉज होते. खाली चूल आणि जेवणाची बाके, वर निजण्याच्या दोन खोल्या. मालकाला सगळे साहूजी म्हणत. आम्ही गाड्या बाहेर खांबाला साखळीने बांधू लागलो, तेव्हा त्यांनी अडविले. रात्री येथे ट्रक थांबतात, काही झाले तर नाव माझ्या घराचे जाईल, असे ते म्हणाले. मग त्यांनी बाके भिंतीशी सारली, उंबऱ्याला फळी लावली, आणि कामाला असलेल्या तेराचौदा वर्षांच्या मुलाच्या मदतीने दोन्ही गाड्या घरात घेतल्या. चुलीपासून चार हातांवर त्या उभ्या राहिल्या. त्या रात्री आम्ही फार निश्चिंत झोपलो.

सकाळी मेणकापडाची पिशवी सापडेना. तीत दोन्ही गाड्यांची आरसी पुस्तके, लायसन्स, विम्याचे कागद, भन्सारचा कागद आणि जवळची निम्मी रक्कम होती. सामान दोनदा उपसून झाले. खाली येऊन पाहतो तो तो मुलगा पहाटेच उठून आमच्या गाड्या पुसत बसला होता. घाटातला चिखल त्याने चाकांच्या तारांतूनसुद्धा काढला होता. माझ्या सोबत्याच्या मनात जे आले ते त्याने चढ्या आवाजात बोलून दाखविले. एवढ्या पहाटे, न सांगता, गाड्यांना हात लावण्याचे कारण काय? मुलाला आमची भाषा अर्धीमुर्धीच कळत होती, पण रोख कळला. साहूजींच्या पत्नी आतून आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. मुलाची पत्र्याची पेटी आणून त्यांनी ती आमच्यापुढे बाकावर उपडी केली. एक सदरा, एक कंगवा, कोपरे दुमडलेले शाळेचे पुस्तक, आणि रुमालात बांधलेली थोडी नाणी.

मी तेथे उभा होतो. मी पाद्री आहे हे आदल्या रात्री जेवताना साहूजींना सांगून झाले होते. त्या मुलासाठी एक शब्द बोलावा असे माझ्या मनात आले आणि मी बोललो नाही. कारण खरे सांगायचे तर संशय मलाही आला होता.

पिशवी माझ्याच गादीखाली होती. रात्री सगळे निजल्यावर, अधिक सुरक्षित म्हणून, मीच ती गादी व फळी यांच्यामध्ये सारली होती आणि थकव्याने ते साफ विसरलो होतो. आम्ही क्षमा मागितली. मुलापुढे पैसे धरले. त्याने साहूजींकडे पाहिले आणि साहूजींनी मानेने नको म्हटले. राहण्याजेवण्याचे ठरलेले तेवढेच त्यांनी घेतले. मुलाने पेटी पुन्हा भरली, उंबऱ्याला फळी लावली, आणि गाडी उतरताना मागून कॅरिअर धरून सांभाळली. त्याचे नाव आम्ही विचारलेच नाही.

आता निर्गमातील ती वचने वाचा. एखाद्याने पैसा किंवा चीजवस्तू शेजाऱ्याकडे ठेवण्यास दिली आणि ती शेजाऱ्याच्या घरातून चोरीस गेली, चोर सापडला तर त्याने दुप्पट द्यावे. चोर सापडला नाही तर घरधन्याने देवासमोर यावे, म्हणजे त्याने स्वतः हात घातला की नाही याचा निर्णय होईल. मी हा नियम नेहमी ठेवणाऱ्याच्या बाजूने वाचीत असे. घरधनी सुटता कामा नये, यासाठी तो आहे असे मला वाटे. पण तो घरधन्यासाठीही आहे. संशयाला देवासमोर उभे राहण्याची जागा दिली आहे, याचा अर्थ त्याला न्याहारीच्या बाकावर जागा नाही. ज्याने दार उघडले, बाके सारली आणि तुमची वस्तू आपल्या छपराखाली घेतली, त्याने आपले नावही तुमच्यापाशी ठेव म्हणून ठेवले आहे. परदेशात ही ठेव अधिकच नाजूक असते. तेथे आपल्याला माणसे पारखता येत नाहीत, भाषा तुटक असते, आणि घाबरलेल्या मनाला सर्वांत जवळचा गरीब माणूस चोर दिसू लागतो.

याच दृष्टीने पाहिले म्हणजे एज्राचा तराजू निराळा दिसतो. याजकांवर अविश्वास होता म्हणून त्याने तोलले असे नव्हे. चार महिन्यांच्या वाटेत एखादा कटोरा कमी भरला असता, तर कोणाकोणाकडे बोटे दाखविली गेली असती? तोलून दिले, लिहून ठेवले, प्रत्येक ओझ्याला जबाबदार माणूस ठरला, म्हणून कोणाच्याही पेट्या उपड्या कराव्या लागल्या नाहीत. यरुशलेमेस पोहोचल्यावर तीन दिवस विश्रांती झाली आणि चौथ्या दिवशी देवाच्या मंदिरात उरीयाचा पुत्र मरेमोथ याच्या हाती सर्व काही तोलून देण्यात आले.

त्या प्रवासानंतर मी जे शिकलो ते तरुणांना सांगतो. धर्मोपदेशकाने कुलपांविषयी बोलावे याचे कोणास हसू आले तर येवो. प्रत्येक वस्तूचा राखणदार एकच असावा आणि तो कोण हे सर्वांना ठाऊक असावे. कागद एकाकडे, हत्यारांची पिशवी दुसऱ्याकडे, दुसऱ्या किल्ल्या तिसऱ्याकडे. ज्याची किल्ली त्याच्याच खिशात दुसरी नको. रात्री निजण्यापूर्वी यादी वाचून मोजावे आणि ठेवण्याची जागा दोघांना माहीत असावी. एकट्याने केलेली फार हुशार लपवणूक चोरीइतकाच घोटाळा करते, हे माझ्यावरून ओळखा. आरसी, लायसन्स, विमा, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक यांच्या प्रती वेगळ्या ठेवाव्या. हल्ली मोबाइलवर छायाचित्रे घेता येतात, पण मोबाइलही हरवतो, म्हणून एक प्रत घरी असू द्यावी. सगळी रोकड एका ठिकाणी नको. नाक्यावर खिडकीशी एकाने जावे, दुसऱ्याने गाड्यांपाशी थांबावे. रांगेत तास जातो आणि टाकीवरची पिशवी उचलण्यास क्षणही लागत नाही.

साखळी नुसती चाकातून घालणे पुरेसे नाही, कारण चाक निखळते. ती सांगाड्यातून घेऊन रोवलेल्या खांबाला बांधावी, आणि जमिनीवर लोळू देऊ नये. जमिनीवर टेकलेल्या साखळीवर घाव घालणे किंवा कातरीने जोर लावणे सोपे जाते. डिस्कचे कुलूप लावले तर हँडलला रंगीत दोरी अडकवून ठेवावी. घाईने तसेच निघून पडलेले कित्येक आहेत. रात्री साधे, मळके आच्छादन घालावे. झाकलेल्या गाडीचे मोल चटकन कळत नाही. बाजूच्या पिशव्या शक्य तर खोलीत न्याव्या. आणि सर्वांत आधी लॉजच्या मालकाला विचारावे, गाडी कोठे ठेवू? नेपाळातच नव्हे, अनेक देशांत लॉजवाले आनंदाने अंगण उघडून देतात, कधी ओसरीत घेतात. विचारणारा पाहुणा होतो. न विचारता पाच कुलपे लावून खिडकीतून रात्रभर गाडीकडे पाहत बसणारा त्या गावात आला काय आणि न आला काय, सारखेच.

कोणी म्हणेल, साधू सुंदरसिंग तर एक घोंगडी आणि नवा करार एवढ्यावर तिबेटच्या वाटा चालले; प्रभूनेही शिष्यांना थैली न घेता पाठविले होते. खरे आहे. काही जणांना आजही तसेच बोलावणे होते. पण लूक बाविसाव्या अध्यायात त्याच प्रभूने, आता ज्याच्यापाशी थैली आहे त्याने ती घ्यावी, असेही सांगितले आहे. कसर, जंग आणि चोर यांच्याविषयी डोंगरावर बोलताना त्याने चोर नसतातच असे म्हटले नाही. (जंगाविषयी तर मोटारसायकलवाल्यांना वेगळे सांगावयास नको, साखळीला तेल न घालणाऱ्याची गाडी चोराच्या आधी जंगच नेतो.) त्याला काळजी होती ती अंतःकरण कोठे गुंतते याची. गाडी खोलीबाहेर आहे म्हणून जो प्रार्थनेस बसू शकत नाही, त्याने ते सहाव्या अध्यायातील बोल पुन्हा वाचावेत.

पौलाच्या सामानाकडेही एकदा पाहा. दुसऱ्या तीमथ्याच्या चौथ्या अध्यायात तो तुरुंगातून लिहितो की त्रोवसात कार्पाकडे ठेवलेला झगा घेऊन ये, पुस्तकेही आण, विशेषतः चर्मपत्रे. ज्या पत्रात, आपण ज्याच्यावर विश्वास ठेवला तो आपली ठेव राखण्यास समर्थ आहे अशी त्याची खात्री व्यक्त झाली आहे, त्याच पत्रात ही विनंती आहे. लुटारूंची संकटे त्याने पाहिली होती, तीन वेळा त्याचे तारू फुटले होते. तरी आपली वस्तू कोणाच्या घरी आहे हे त्याला नेमके आठवत होते. तिच्याकडे परत जाता येणार नाही हेही त्याला ठाऊक असावे. कार्प कोण होता? त्याच्याविषयी शास्त्रात आणखी काही नाही. परक्याचा झगा त्याने आपल्या घरी ठेवून घेतला होता, एवढेच आपल्याला त्याच्याविषयी कळते.

आपण प्रार्थना करू या.

हे स्वर्गीय पित्या, अहवा नदीपासून यरुशलेमेपर्यंत ज्या हाताने तू आपल्या लोकांना नेलेस, त्याच हाताने आज परमुलुखात रस्त्यावर असलेल्या आमच्या मुलामुलींना ने. त्यांची वाहने, कागद आणि सामान राख, आणि ते राखण्याची जागरूकता त्यांनाही दे. जे त्यांना आपल्या घरात घेतील त्यांच्या घरादारावर तुझा आशीर्वाद असो. संशय मनात आला तर आमची जीभ तू धर. बुटवलच्या घाटातील तो मुलगा आता प्रौढ झाला असेल, त्याचीही मुले असतील. त्याचे नाव आम्हाला ठाऊक नाही, तुला आहे. त्याचे व त्याच्या घरच्यांचे बरे कर. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.